गाडीखालचा पुठ्ठा

भातकापणी आली की आमच्या वाडीतल्या सगळ्या घरांना एकच वास येतो, कापलेल्या भाताचा, ओलसर आणि गोडूस. आमच्या घराला मात्र त्यात डिझेलचा वास मिसळलेला असतो. पूर्वी तो रॉकेलचा असायचा. रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हापासून पपा इंजिन धुवायला डिझेल वापरतात आणि ‘रॉकेलाची सर नाय’ असं दर वर्षी एकदा म्हणतात.

आज सकाळी उठले तेव्हा खाडीवरचं धुकं अजून माडांत अडकलेलं होतं. खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. चहाच्या आधी मी मांगरात, म्हणजे गाडी ठेवायच्या छपरात गेले, गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा ओढून काढला आणि त्यावर तेलाचा डाग आहे का ते उजेडात धरून पाहिलं. पपा पडवीत खुर्चीवर बसून होते.

“पुठ्ठो काय म्हणता?” त्यांनी विचारलं.

“बरा आसा,” मी म्हटलं.

गावातली माणसं सकाळी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आम्ही पुठ्ठ्याची करतो. हा परिपाठ एका कापणीच्या दिवसांत सुरू झाला, आणि दर वर्षी विळ्यांचा खसखस आवाज कानावर पडला की मला ते दिवस आठवतात. तसं त्यात घडलं फार थोडं. बराचसा वेळ मी गोणपाटावर पाठ टेकून, तोंड वर करून पडले होते.

गाडीचं नाव सांगत नाही. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली, इतकं म्हटलं की एका पिढीला कळतं. ती पपांच्या थोरल्या भावाची, म्हापशाची. काका म्हातारे झाले तेव्हा ती पपांकडे आली. पपा हायस्कूलात गणित शिकवायचे आणि गाडीही गणितासारखीच चालवायचे, म्हणजे एकही पायरी न गाळता. वळणाच्या किती आधी हॉर्न, उतारावर कुठला गियर, सगळं ठरलेलं. माझा बाप्तिस्मा, धाकट्या आंतोनचा बाप्तिस्मा, माझं लग्न, काकांकडे होती तेव्हापासून सगळीकडे हीच गाडी. मागच्या सीटला रेग्झिनचा आणि बाजारातून आणलेल्या बांगड्यांचा मिळून एक वास आहे. तो आता कशानेही जाणार नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

माझा नवरा रॉबर्ट बोटीवर असतो. तो बोटीवर गेला की मी माहेरी येऊन राहते, मी शिकवते ती शाळाही इथून जवळ. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. म्हापशाचे डॉक्टर झाले, पणजीचे झाले, वेलंकणीचा नवस झाला. शेवटी एका संध्याकाळी रॉबर्टने आणि मी ठरवलं, आता पुरे. दोघंही रडलो, आणि रडून झाल्यावर खरं सांगायचं तर हलकं वाटलं. हे माझ्या आईला, मांयला, सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. सांगायचंच असं ठरवून मी स्वयंपाकघरात जायचे आणि चहात साखर आहे का विचारून परत यायचे.

मांय वाट बघत होती. बोलून दाखवायची नाही, पण दिसायचं. त्या वर्षी श्रावणातल्या एका उघडिपीत तिला मांगरात कुंभारीण दिसली. ही बारीक कमरेची माशी तोंडात ओल्या मातीची गोळी धरून येते आणि भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत, कधी तसबिरीमागे मातीचं घर बांधते. आमच्याकडे समज असा, की कुंभारणीने घर बांधलं तर त्या घरात पाळणा हलतो. आणि ते घर मोडायचं नसतं.

“पाद्रीबाबाक सांगू नको,” मांय मला म्हणाली आणि हळूच कपाळावर क्रूस काढला. दोन्ही बाजू सांभाळून असलेल्या बऱ्या, हा तिचा स्वभाव.

एरवी पावसाळ्यात पपा दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आले की मांगरात जाऊन गाडी थोडा वेळ चालू करून ठेवत. त्या वर्षी मांयने मना केलं. “आवाजान ती पळान जातली. ऱ्हवंदे तिका.” पपा मांयशी वाद घालत नाहीत, तेवढं गणित त्यांना पक्कं येतं. मांगराचं दार लोटलं गेलं आणि गाडी झापांच्या छपराखाली उरलेला पाऊसभर गप्प उभी राहिली.

दसऱ्याच्या सुमाराला ती बाहेर काढली तेव्हा खळं नुकतंच चोपून, शेणाने सारवून तयार केलेलं होतं. खळं सारवल्यावर मांय त्यावर कोंबडीलाही पाय ठेवू देत नाही. पपांनी गाडी त्याच्या कडेने नेऊन थोडा वेळ उभी केली. ती हलवली तेव्हा सारवणावर तळहाताएवढा काळा डाग होता. पावसाआधीही गाडी थेंबभर गळायची, जुन्या गाड्या गळतातच. पण हा थेंब नव्हता.

“माज्या भाताक आता तेलाचो वास येतलो,” मांय म्हणाली. त्या दिवशी पपांना चहा उशिरा मिळाला.

त्यानंतरच्या रविवारी आंतोन आला. माझा धाकटा भाऊ, दोडामार्गाला घर करून राहतो आणि रोज गोव्यात हॉटेलात कामाला जातो. त्याला घेऊन पपा मालवणच्या बाजाराला निघाले आणि अर्ध्या वाटेवर बॉनेटच्या फटींतून निळसर धूर यायला लागला. तेल गळून सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडत होतं. पपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांना धूर दिसलाच नाही. आंतोनला दिसला.

“पपा, तुमका दिसणा नाय आणि गाडी धूर सोडता,” घरी आल्यावर तो म्हणाला. “खयतरी पेट घेतल्यान तर आमी काय करूचा?”

तारकर्लीच्या एका रिसॉर्टवाल्याशी त्याचं आधीच बोलणं झालेलं होतं. गाडीचं इंजिन काढून ती फाटकापाशी सिमेंटच्या ओट्यावर कायमची उभी करायची. टपावर फुलझाडं. येणारे-जाणारे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतील. आंतोन हे वाईट मनाने सांगत नव्हता. त्याच्या लेखी तो गाडीला चांगलं घर बघत होता, पोरीला बघावं तसं.

पपांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. मग म्हणाले, “तेल गळाचा बंद झाला तर?”

“तर माजा काय म्हणणा नाय.”

“मगे कापणी होवंदे. भात झोडून होयसर माका वेळ दी. नाय जमला तर ने.”

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. पण संध्याकाळी ते मांगरात जाऊन नुसते गाडीत बसलेले मला दिसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच खाली केलेली. मला त्यांची फार कणव आली, आणि त्यांनी मला पाहू नये म्हणून मी मागच्या मागे वळले.

अशी मी त्यांचे डोळे झाले. शाळा सुटली की घरी येऊन जुना गाऊन चढवायचा, डोक्याला फडका बांधायचा आणि गाडीखाली सरकायचं. पपा बाहेर खुर्ची टाकून बसत आणि मी काढून दिलेले भाग बोटांनी चाचपत. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं ते मला सांगत, “तेल खय पडता ता बगू नको. खयसून निगता ता बग.” तेल वरच्या सांध्यातून झिरपतं, कडेकडेने वाट काढतं, गाडी धावते तेव्हा वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि जिथे बोल्टचं टोक सापडेल तिथून खाली उतरतं. डाग असतो एकीकडे, दुखणं दुसरीकडेच. मला माझ्या वर्गातली मुलं आठवायची. पेन्सिल हरवली म्हणून रडणारं पोर बहुधा पेन्सिलीसाठी रडत नसतं.

आधी धुणं. ब्रश आणि रॉकेल घेऊन मी त्या इंजिनावरची वर्षानुवर्षांची मेणचट काळी साय खरवडून काढली. खालून राखाडी लोखंड निघालं, त्यावर उठावाचे आकडे निघाले. पपांनी ते आकडे बोटाने वाचले आणि खूश झाले. सगळं कोरडं पुसलं की मग पावडर. मांयचा पावडरचा डबा आम्ही न विचारता उचलला आणि दाढीच्या जुन्या ब्रशने इंजिनावर सगळीकडे पांढरा थर दिला. मग गाडी चालू करायची आणि बघत राहायचं. जिथे पावडर भिजून काळी होते तिथे तेल निघतं.

बाहेर त्याच वेळी कापणी चालू असायची. आडव्या उन्हात शेतं पिवळीधमक, बगळे कापणाऱ्यांच्या मागे मागे. शेजारचा बाबल भाताचा भारा डोक्यावर घेऊन आमच्या खळ्याच्या कडेने जायचा आणि मान न वळवताच विचारायचा, “मास्तरानु, गाडी बाळंत झाली काय? तेल काय, पावडर काय...” पपा हसायचे. मी गाडीखाली असायचे, त्यामुळे माझं तोंड कोणाला दिसत नसे.

सगळ्यात आधी वरच्या झाकणाची पावडर भिजली. झाकण काढलं तर सांध्यातून तेल गळू नये म्हणून खाली बसवलेलं बुचाचं गॅस्केट जुन्या पापडासारखं, बोट लावताच तुटलं. पपांनी बुचाचा पातळ ताव मागवून ठेवलेला होता. झाकण त्यावर ठेवून मी पेन्सिल फिरवली आणि मांयच्या कात्रीने नवीन गॅस्केट कापलं. बसवलं. आता पुन्हा म्हणून गळू नये अशा जोराने पाना आवळला. दुसऱ्या दिवशी तेल दुप्पट. जास्त आवळलं की झाकणाचा पत्रा बोल्टपाशी दबतो, मधे उचलला जातो आणि गॅस्केट जिभेसारखं बाहेर येतं.

“हळू गो,” पपा म्हणाले. “बोटांनी लागता तितक्या, आणि मगे मनगटाक कळात इतक्याच. घट्ट म्हणजे बरा नाय.” आम्ही झाकणाच्या कडा हळूहळू ठोकून सरळ केल्या आणि गॅस्केट पुन्हा कापलं.

मग तळाच्या बोल्टची तांब्याची चकती. जुनी झाली की ती कडक होते आणि बसत नाही. पपांनी ती चुलीतल्या निखाऱ्यावर लाल करून पाण्यात टाकली. चुर्र झालं, आणि ती पुन्हा नव्यासारखी मऊ झाली. त्याच चुलीवर उकड्या तांदळाची पेज होती. मांयने पपांकडे पाहिलं, निखाऱ्याकडे पाहिलं आणि पेजेवर झाकण ठेवलं.

हे दिवस मला का आवडतात याचा मी विचार करते. कदाचित एवढ्यासाठी, की इतके दिवस सलग मी आणि पपा कधी एकत्र राहिलोच नव्हतो. शाळेत ते सर होते, घरी ते पेपर वाचत. आता ते दहा वेळा मला नावाने हाक मारत, “फिलू, काय दिसता?” आणि जे दिसेल ते मी सांगे, आणि ते विश्वास ठेवत.

पण तेल थांबेना. एक जागा बंद केली की दुसरी ओली. बाजूचं झाकण भिजलं, पुढचं भिजलं, पेट्रोलच्या पंपाची बैठक भिजली. नवी गॅस्केटंही भिजली. एका संध्याकाळी तर तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातूनही तेल वर आलं. खळ्यात शेवटच्या पेंढ्या झोडायच्या राहिल्या होत्या. आंतोनचा फोन येऊन गेला होता, रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणून.

पपांनी हात पुसले. “आता ऱ्हवंदे,” ते म्हणाले. “म्हातारपण ता. सगळ्यांनी सांध्यांत गळूचाच.” हे ते गाडीबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही. त्या रात्री ते जेवले थोडं आणि निजले लवकर.

सकाळी मात्र माझ्या आधी ते मांगरात होते. त्यांनी मला गाडी चालू करायला लावली आणि इंजिनात तेल ओतायचं वरचं बूच उघडलं. फस्स करून वाफ बाहेर आली, हात मागे घ्यावा इतक्या जोराने. बूच उघडं ठेवून त्यांनी मला बघायला सांगितलं. सांध्यांतून झिरपणं मंदावलं होतं.

“पोटात वारो धरल्यान तिना,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाजच बदलला. “फिलू, गॅस्केटा सगळी बरी आसत. आतली वाफ भायर जाणा नाय, म्हणान ती तेल ढकलता. इंजिनाच्या मागसून एक पाइप खाली येता. तिचा श्वास थयसून. तेचा तोंड बग.”

गाडी बंद केली. मी गोणपाटावर आडवी होऊन आत सरकले आणि टॉर्च मारली.

“पाइप गावलो?”

“गावलो.”

“तोंड मोकळा आसा?”

तोंड मोकळं नव्हतं. राखाडी मातीने ते काठोकाठ भरलेलं होतं. इंजिनाच्या उष्णतेने माती भाजून विटेसारखी कडक झालेली, पण वरून इतक्या निगुतीने गुळगुळीत केलेली, की मला चुलीला पोतेरं देणारी मांय आठवली.

“माती आसा.”

“रस्त्याची?”

“नाय पपा. कुंभारणीची.”

खळ्यात मांय भात पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. मग मला तिची पावलं दिसली, भाताचं तूस चिकटलेली. ती गाडीपाशी येऊन उभी राहिली.

“भोक आसा काय गो तेका?”

आतलं पिल्लू मोठं झालं की मातीच्या भिंतीला भोक पाडून उडून जातं. भोक असलेलं घर रिकामं, ते मोडलं तरी चालतं. मी टॉर्च जवळ नेली, सगळीकडून पाहिलं. भोक नव्हतं. आत जे काही होतं, ते इतक्या दिवसांच्या त्या वाफेत जगलेलं नसणार, हेही मला कळत होतं.

“नाय मांय.”

पावलं हलली नाहीत. “मगे ऱ्हवंदे,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. “नाताळापर्यंत तरी ऱ्हवंदे.”

रविवार तोंडावर आला होता.  त्यांची गाडी जात होती, आणि ती जाऊ नये म्हणून काय करायला हवं ते त्यांना कळलं होतं, तरी ते गप्प राहिले. तेव्हा मला समजलं की पपाही वाटच बघत होते.

गाडीखाली एक सोय असते, कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मी इंजिनाकडे बघत म्हटलं, “मांय, आमी डॉक्टराकडे जावचा सोडला. गेल्या नाताळाच्या आधीच. आता आमका मूल होवचा नाय. माका सोसला ता. तू आता वाट बगू नको.”

 दूर कोणाच्या तरी खळ्यात पेंढ्या झोडल्याचा आवाज येत होता. मग मांयची पावलं निघून गेली. ती स्वयंपाकघरात जाऊन रडणार, मला उठून मागे जायला हवं, असं मनात येत होतं. पण माझ्याने हलवेना. तेवढ्यात पावलं परत आली. माझ्या बाजूला एक गोणपाट पडलं, आणि गुडघ्यांना शिव्या घालत, लुगडं सावरत मांय आडवी झाली आणि कशीबशी आत सरकली. तिचं तोंड माझ्या तोंडाशेजारी आलं. डोळे भरलेले होते. ती वर इंजिनाकडे बघत राहिली.

“खालसून ह्या असा दिसता?” तिने विचारलं.

“असाच.”

“इतके दिस एकटीच घेवन फिरलंस?”

“रॉबर्ट होतो मां.”

“तो खय, बोटीर.” तिने अंबाड्यातला आकडा काढला. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. “बाजूक सर. मी करतंय. मीच तिका ऱ्हवक दिलंय.”

आकड्याच्या टोकाने ती माती खरवडू लागली. आधी भुकटी आली, मग खपल्या, मग एकदम मोठा तुकडा सुटून आम्हा दोघींच्या तोंडावर पडला. पाइपातून तेलाचा उबट वास आला.

“मोकळा झाला?” वरून पपांनी विचारलं. 

“झाला,” मांय म्हणाली. “आणि आयकलास? ह्या घरात पोर नाय असा परत कोणी म्हणूक नको. हय गाडयेखाली आसा बगा. केस पिकाक लागले तरी मातयेत लोळता.”

मी हसले आणि हसता हसता रडले. तोंडात माती गेली. मांयने खालीच, जागा नसताना, हात कसाबसा वाकवून माझ्या कपाळावर ठेवला. आम्ही दोघी तशाच पडून राहिलो. शेवटी पपा म्हणाले की पेज निवत असेल.

पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर दिली. गाडी अर्धा दिवस चालू ठेवली आणि पावडर पांढरीच राहिली. रविवारी आंतोन टेम्पो घेऊन आला तेव्हा पपांनी त्याला रात्रभर गाडीखाली ठेवलेला नवीन, कोरडा पुठ्ठा दाखवला. तो गाडीखाली वाकून, टॉर्च मारून, मागून-पुढून बघून आला. मग त्याने टेम्पोवाल्याला जेवायला बसवलं आणि परत पाठवलं. तारकर्लीच्या त्या फाटकापाशी आता एक मोडकी होडी आहे, तिच्यात फुलझाडं आहेत. चांगली दिसते.

पपांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तरी गाडी आता मी चालवते, ते शेजारी बसतात आणि वळणाआधी हॉर्न वाजवायची आठवण करतात. दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी मांय मिसाला डोक्यावर घ्यायच्या तिच्या जुन्या काळ्या जाळीचा तुकडा त्या पाइपाच्या तोंडाला बांधते. हे काम ती मला करू देत नाही. मी टॉर्च धरते. कुंभारणीला बाकीचा मांगर मोकळा असतो. यंदा तिने दाराच्या चौकटीत घर केलं होतं, आणि पाऊसभर आम्ही सगळे दार जपून लोटत होतो.

आज सकाळी पुठ्ठा बघून बाहेर येताना माझी नजर तिकडे गेली. घराला बारीकसं भोक होतं. मी खळ्यात जाऊन मांयला सांगितलं.

“उडाला मां? बरा झाला,” ती म्हणाली. मग तिने पदराचं टोक जिभेने ओलं केलं, माझी हनुवटी धरली आणि गालावरचं तेल पुसलं.